गारखोलीचे तात्या

तात्या भर दुपारी पेटता कंदील हातात घेऊन फिरत. वैशाखातले ऊन, अंगणाकडे बघवत नाही अशी वेळ, आणि हा माणूस काच पुसून, वात सारखी करून कंदील लावी आणि गारखोलीच्या दाराशी येऊन उभा राही. नवा माणूस हटकून हसे. मीही हसलो होतो.

लढाईची वर्षे होती. सांगली-मिरज रस्त्याला एका व्यापाऱ्याने आपल्या बर्फाच्या कारखान्याला लागूनच बटाटे साठवायची खोली बांधली होती. कागदोपत्री तिचे नाव कोल्ड स्टोरेज. कामावरच्या बायका तिला गारखोली म्हणत. फाल्गुनात वाई, महाबळेश्वर, खटाव या बाजूंनी बेण्याचा बटाटा पोत्यांनी येई आणि पुढच्या लागणीपर्यंत तिथे थंडीत पडून राही. खोली निम्मी जमिनीत होती. अकरा पायऱ्या उतराव्या लागत. दुहेरी भिंती, त्यांच्यामध्ये भाताचे तूस ठासून भरलेले, आणि वर एकच जाड लाकडी दार. शेजारच्या छपरात तेलावर चालणारे इंजिन आणि गारवा करणारे अमोनियाचे यंत्र. मी साताऱ्याचा. पुण्याला शेतकी शिकून आलेलो आणि चोविसाव्या वर्षी या सगळ्याचा मॅनेजर झालेलो. तात्या माझ्या हाताखाली देखरेख करत. वयाने ते माझ्या वडिलांएवढे होते.

तात्या भित्रे होते आणि ते लपवीत नसत. कुत्र्याला भीत, विजेला भीत, कृष्णेला पाणी चढले की पुलावरून चालताना मधोमध चालत आणि कठड्याकडे बघतही नसत. देवीची लस टोचायला सरकारी माणूस आला तेव्हा ते तुसाच्या ढिगामागे जाऊन बसले होते. कुणी चिडवले तर शांतपणे म्हणत, "भ्यालेला मानूस सांजच्याला घरी जातो. बाकीच्यांचं मला ठावं न्हाई."

दारातून आत जाणाऱ्या प्रत्येक बाईने एक बटाटा उंबऱ्याशेजारच्या फळीवर ठेवायचा आणि बाहेर येताना उचलायचा, हा त्यांचा कायदा. फळीवर सात बटाटे म्हणजे आत सात जणी. सुट्टीच्या वेळी फळी रिकामी दिसल्याखेरीज ते दाराला हात लावीत नसत. एकदा एक बटाटा उरला.  तात्यांनी नावे घेऊन हाका मारल्या, कंदील घेऊन कोपरान्‌कोपरा पाहिला, आणि शेवटी कळले की एक बाई बटाटा उचलायचा विसरून केव्हाच घरी गेली होती. सगळ्या हसल्या. तात्या पायरीवर बसून बराच वेळ घाम पुसत होते. त्यात हसण्यासारखे काय आहे, हे त्यांना खरोखरच कळत नव्हते.

बटाट्याबद्दल ते बोलत तेव्हा गोठ्यातल्या जनावराबद्दल बोलावे तसे बोलत. "सायेब, बटाटा जित्ता हाय. निजलाय, पर जित्ता हाय. तो बी आपल्यासारकी हवा वडतो. त्याला कोंडला तर तो मरंल, आनि मरताना आपल्यालाबी नेईल." रोज पहाटेचा गारवा असेतोवर घटकाभर दार उघडे ठेवायचे, असा त्यांचा हट्ट. मी भिंतीवरचा थर्मामीटर दाखवून सांगे की दार उघडले की गारवा जातो, गारवा गेला की तेल जास्त लागते, आणि लढाईमुळे तेल मिळत नाही. ते मान हलवत. दुसऱ्या दिवशी पहाटे दार पुन्हा उघडे असे.

त्यांची सगळ्यात जास्त थट्टा करी ती चंद्राक्का. बटाटे निवडणाऱ्या बायकांची ती मुकादमीण. अंकलीची. नवरा दत्तोबा नदीकाठच्या मळ्यात वांगी लावत. पन्नाशीची, दणकट, आवाज असा की इंजिन चालू असतानाही ऐकू यावा. ती म्हणे, "आवं तात्या, बटाट्याला एवढं भेताय, मग आमच्या मळ्यातल्या वांग्याला तर काटं असत्यात!" तात्या म्हणत, "हास आक्का, हास. पर बटाटा ठिव फळीवर." आणि ती ठेवी. हसत हसत का होईना, चंद्राक्काने तो कायदा कधी मोडला नाही. तिच्यामुळेच इतर जणी पाळत.

एक दिवस मीच थट्टा केली. म्हटले, "तात्या, ही खोली शास्त्राप्रमाणे बांधलेली आहे. हे काही तुमच्या हरिपूरचं पेव नाही." हरिपूरला हळद साठवायला जमिनीत खोल खड्डे खणतात, त्यांना पेव म्हणतात, हे मला माहीत होते. तात्यांच्या घराण्याचा तोच धंदा होता, हे माहीत नव्हते. त्यांनी कंदील खाली ठेवला.

"सायेब, पेव उघडलं की दीस-दीस तसंच उघडं ठिवत्यात. मंग दिवा सोडायचा. दिवा जगला तर मानूस जगतो. आमच्या बानं आयुष्यभर त्येच केलं. एक डाव येपाऱ्याची घाई हुती. थोरला भाऊ उतरला. वर आलाच न्हाई. त्याला काडाया बा उतरला. बाला काडाया चुलता. तिगं. माझ्या डोळ्यांम्होरं. मी चवथा हुतो. आयनं माज्या कमरंला मिठी मारली आनि सोडलंच न्हाई. मी तिला चावलो, सायेब. हाताला चावलो. तरी सोडलं न्हाई."

  त्यानंतर आठ दिवसांनी मी जे केले ते पाहता, ऐकूनही मी ऐकले नव्हते असेच म्हणावे लागेल.

वैशाख अर्धा संपला होता. तेलाची पिंपे आली नाहीत. इंजिन बंद पडले. यंत्र थंड झाले. थर्मामीटरचा पारा रोज थोडा चढू लागला तसा मी घाबरलो. शेकडो शेतकऱ्यांचे बेणे आत होते. मी हुकूम काढला: उरलासुरला गारवा टिकवायचा तर दार अजिबात उघडायचे नाही. दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. तात्या रोज पहाटे येऊन दाराशी उभे राहत आणि माझ्याकडे बघत. मी मान हलवून नाही म्हणे. दहाव्या दिवशी चिंध्यांमधून एक गोडसर, कुजका वास येऊ लागला. त्याच दिवशी मालकांची तार आली: माल ताबडतोब निवडून चांगला वेगळा काढा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेल आल्याचा निरोप मिळाला आणि तात्यांना मिरज स्टेशनवर गाडी घेऊन जावे लागले. जाताना त्यांनी दाराच्या चिंध्या स्वतः काढल्या आणि दार सताड उघडले. म्हणाले, "सायेब, मी येस्तोवर आत कुनी जाऊ नगा. तुमच्या पाया पडतो." आणि खरोखरच वाकले. मला संकोच वाटला, आणि थोडा रागही आला.

मी तासभर थांबलो. बायका बसून होत्या. वर ऊन तापत होते आणि उघड्या दारातून माझा गारवा चालला होता. नऊ वाजता मी उठलो. कंदिलाऐवजी माझ्याकडे नवी विजेरी होती. पायऱ्यांवर उभा राहून मी तिचा झोत आत टाकला. पोती दिसली, खालची फरशी दिसली. सगळे लख्ख होते. मी चंद्राक्काला म्हणालो, "चला, कामाला लागा."

ती पहिल्यांदाच थबकली. "तात्या येऊ द्यात की, सायेब."

"तात्या दुपारी येतील. तोवर निम्मा माल जाईल."

तिने पदर खोचला. फळीवर एक बटाटा ठेवला. शेवंता नावाची तरणी पोर तिच्या मागे होती, तिला म्हणाली, "ठिव गं." तिनेही ठेवला. चंद्राक्का विजेरी घेऊन पुढे उतरली, शेवंता तिच्या मागोमाग. खालून तिचा आवाज आला, "लय वास मारतोय वं! ह्या कोपऱ्यातलं समदं ग्येलंय." मग पोते ओढल्याचा आवाज. मग काही नाही.

मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. विजेरीचा उजेड दिसत होता, पण तो फरशीवर आडवा पडला होता आणि हलत नव्हता. दिव्याची ज्योत असती तर ती केव्हाच विझली असती आणि मला कळले असते. विजेरीला हवा लागत नाही. हा विचार मला तिथे उभ्याउभ्या सुचला.

मी धावत उतरलो. पाचव्या-सहाव्या पायरीवर ओठांवर आंबट चव आली. छाती भात्यासारखी चालू लागली, पण श्वास पुरेना. डोक्यात घण बसू लागले. खालच्या पायऱ्यांवर शेवंता पालथी पडलेली मला दिसली. चार हातांवर होती. मी वळलो. हो, मी वळलो आणि हातापायांवर रांगत वर आलो. बायका आक्रोश करत होत्या. दोघीतिघी आत घुसू पाहत होत्या, एकमेकींना ओढत होत्या. मी दारात ओकत बसलो होतो.

तेवढ्यात, दुपारच्या आधीच, तात्यांची गाडी आली. तात्यांनी काही विचारले नाही. फळीकडे बघितले. "दोन?" मी हो म्हणून मान हलवली. मला वाटले, ते आत धाव घेतील. ते धावले नाहीत. दारात आडवे उभे राहिले, दोन्ही हात चौकटीला लावले, आणि ओरडले, "कुनी बी आत जायचं न्हाई! ज्यो जाईल त्याला मी हानीन!"

त्यानंतरचा वेळ किती होता ते मी आजही सांगू शकत नाही. त्यांनी इंजिनवाल्याला पहार घेऊन पाठीमागे पाठवले. तिथे पोती खाली सोडायची एक झडप होती, ती फळ्या ठोकून बंद केली होती. "फोड! भिंतीसकट फोड!" तूस भडाभडा बाहेर पडू लागले. गाडीवानाच्या घोंगड्या, रिकामी पोती, जे हाताला लागेल ते भिजवून दोघादोघांना दारात वरखाली हलवून हवा आत लोटायला लावले. स्वतः दोरीला कंदील बांधून पायऱ्यांवरून खाली सोडला. विझला. ओढून घेतला, पेटवला, सोडला. विझला. एक बाई त्यांच्या पाठीवर बुक्क्या मारत होती, "आवं जा की आत! मरत्यात त्या! जा की!" मीही ओरडलो, "तात्या, जा!" ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी पडलो तर तिगांस्नी कोन काडंल? तुमी?"

ते कापत होते. दात वाजत होते. धोतर भिजले होते. मी अगदी जवळ होतो म्हणून मला दिसले. तिसऱ्यांदा सोडलेला कंदील मलूल झाला, निळसर झाला, पण विझला नाही. तात्यांनी दुसरी दोरी स्वतःच्या कमरेला बांधली, टोक इंजिनवाल्याच्या हातात दिले. "मी बोलायचा थांबलो की वडा." आणि उतरले. उतरताना मोठ्याने आकडे मोजत होते. एक, दोन, तीन. तो आवाज मी अजून ऐकतो. शेवंताला घेऊन ते वर आले आणि तिला उन्हात टाकून लगेच वळले. दुसऱ्या वेळी बारा-तेराच्या पुढे आवाज अडखळला. इंजिनवाल्याने दोरी ताणली. खालून तुटक ऐकू आले, "नगं... वडू... नगं... चवदा..."

चंद्राक्काला त्यांनी आणले. ती कोपऱ्यातल्या कुजक्या ढिगावर वाकलेली होती, तशीच पडली होती. शेवंताने घटकाभराने डोळे उघडले. चंद्राक्काने उघडले नाहीत.

संस्थानचे फौजदार आले. पंचनामा झाला. त्यात लिहिले गेले, 'दोन बाया निवडकामासाठी आत उतरल्या असता.' त्या उतरल्या. कुणी उतरवल्या ते कुणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. तात्या शेजारी उभे होते. तेही बोलले नाहीत. मी नोकरीला भीत होतो, तुरुंगाला भीत होतो, साताऱ्याला वडिलांच्या कानावर जाईल याला भीत होतो.

पुढे अंकलीत बोलणे पसरले ते वेगळेच. ज्या बायकांनी पाहिले होते त्यांनी पाहिले तेच सांगितले: तात्या दोरी धरून उभे राहिले, कुणाला आत जाऊ दिले नाही, आणि तोवर चंद्राक्का गेली. मुळात भित्राच माणूस, असे लोक म्हणाले. दत्तोबांनी बाजारात त्यांना बघून मान फिरवली. तात्यांनी अंकलीकडे जायचे सोडले. कामावर येत, दार उघडत, माणसे मोजत. पण कुणी बोलायला लागले की ऐकून घेत आणि गप्प राहत. एकदाच मला म्हणाले, "सायेब, घाईनं ग्येलो असतो तर आक्का वाचली असती का वं?" मी म्हणालो, "नाही. तुम्हीही गेला असता." ते म्हणाले, "तुमी शिकल्यालं हाय. खरं सांगा." मी पुन्हा तेच सांगितले. त्यांचा विश्वास बसला की नाही, कळले नाही.

श्रावणात शेवंता कामावर परत आली. बारीक झाली होती. पहिल्याच दिवशी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "सायेब, तात्यांस्नी लोकं नावं ठिवत्यात. तुमास्नी ठावं हाय न्हवं, काय झालं ते?" एवढेच म्हणाली आणि कामाला लागली. त्यानंतरही मी दत्तोबांकडे जायला भीत राहिलो. महिनाभर.

पुढे मी ती नोकरी सोडली. पण धंदा तोच राहिला. आयुष्य बटाट्यांच्या गारव्यात गेले, निरनिराळ्या गावी. हाताखालची माणसे मला पाठीमागे भित्रा म्हणत, हे मला माहीत होते, आणि माझ्या दारातून आत गेलेला प्रत्येक जण बाहेर आला. तात्या वारल्याचे पत्र आले तेव्हा मी लांब होतो, मला जाता आले नाही. म्हणून तात्यांना निरोप द्यायचा म्हटले की मला आठवतो तो त्याच वर्षीचा, भाद्रपदातला अंकलीचा दिवस.

मी तात्यांना म्हणालो, "मी दत्तोबांना सांगायला जातोय." ते दचकले. "नगा सायेब. त्यो कोयता उचलंल." मी निघालो तसे काही अंतर ठेवून मागे आले. मळ्याच्या बांधाशी बाभळीखाली थांबले, पुढे आले नाहीत.

दत्तोबा वांग्यांना पाणी देत होते. मी उभ्यानेच सगळे सांगितले. दार मी बंद ठेवले, विजेरी मी दिली, ती थांबत होती तर मी 'चला' म्हणालो. आत जाऊन पळून आलो तेही सांगितले. दत्तोबांनी पाटाच्या तोंडाला मातीचा गोळा लावला. पाणी थांबले.

"एवढं सांगाया चार म्हयनं लागलं व्हय?"

 दत्तोबा माझ्या बाजूने निघून बांधाकडे गेले. तात्या उठून उभे राहिले. मी मागोमाग धावलो, कारण दत्तोबांच्या हातात कुदळ तशीच होती.

"तात्या, तू तवा भ्याला हुतास?"

"व्हय. लय भ्यालो हुतो."

"मंग शेवंताला आदी का काडलंस?"

 तात्या म्हणाले, "ती कन्हत हुती, दत्तोबा. ऐकू येत हुतं."

"आनि माजी?"

"तुजी न्हवती कन्हत."

वाऱ्याने वांग्याची पाने सळसळली.  दत्तोबांनी कुदळ बांधाला टेकवून ठेवली, खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसले आणि घराकडे तोंड करून सुनेला हाक मारली, "तीन कप च्या टाक गं. तात्या आलाय."